दान, नजराणा आणि वर्गणी

१

कुंभकोणम् येथील महामहम् तलावाच्या काठाने सोळा लहान मंडप उभे आहेत. दर बारा वर्षांनी येथे स्नानपर्व येते, तेव्हा तलावाच्या पायऱ्या माणसांनी झाकून जातात. मागील पर्व २०१६ साली झाले. एरवी दुपारच्या वेळी काठावर फारसे कोणी नसते आणि मंडप निवांतपणे पाहता येतात. तंजावरच्या नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याने ते बांधविले असे मानले जाते. राजाची सुवर्णतुला झाली आणि त्या सोन्यातून ही बांधकामे उभी राहिली, अशी परंपरा गावात सांगतात. तुलापुरुषदानाचा प्रसंग येथे दगडातही कोरलेला आहे.

परंपरेतील ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तुलापुरुष या विधीचा आशय लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे तो स्वतः पारड्यात बसतो. दुसऱ्या पारड्यात त्याच्याच भांडारातील सोने पडते. पारडी समतोल झाली की ते सोने त्याच्याकडे परत जात नाही. हे सर्व उघड्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत घडते, आणि घडल्याची नोंद दगडावर राहते.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे शिल्प एकाच वेळी परिचित आणि विपरीत वाटते. आपल्याकडेही पुढाऱ्यांच्या वाढदिवशी तुला होत असतात. पेढेतुला होते, नाणेतुला होते, रक्ततुला होते, आणि आयोजकांत साहित्यप्रेमी मंडळी असतील तर ग्रंथतुलाही होते. पारडी तीच, फुलांच्या माळा त्याच. पण दुसऱ्या पारड्यात भर घालणारा हात आता तुलेत बसणाऱ्याचा नसतो. तो हात ज्यांना त्याच्याकडून काही हवे आहे अशांचा असतो. विधी टिकला, परंतु त्याची दिशा फिरली.

प्रस्तुत लेखाचा विषय ही फिरलेली दिशा आहे. राजकीय पक्षांना, विशेषतः राज्याच्या पातळीवर, जो पैसा पोचतो तो सुट्या सुट्या दात्यांच्या उत्स्फूर्त औदार्यातून येत नाही. त्याचे संघटन असते, दर ठरलेले असतात, गोळा करणारे नेमलेले असतात. हा विषय अर्थशास्त्रज्ञांचा किंवा विधिज्ञांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडू नये, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे याच्या उलट आहे. हे सर्व व्यवहार एका शब्दाच्या आडोशाने चालतात, आणि शब्दांची उलटतपासणी करणे हे आपलेच काम आहे. तो शब्द म्हणजे 'देणगी'.

२

देण्याच्या क्रियेला मराठीत जे शब्द आहेत त्यांची दिशेनुसार मांडणी करून पाहावी. काही शब्द वरून खाली येतात. दान, बक्षीस, इनाम, वर्षासन आणि देणगी हे त्यांतले. 'ईश्वराची देणगी', 'निसर्गाची देणगी' असे आपण म्हणतो, कारण तेथे देणारा थोर आणि घेणारा लहान आहे हे गृहीत असते. काही शब्द खालून वर जातात. नजर, नजराणा, पेशकश आणि खंडणी हे ते शब्द. यांतील देणे कधी स्वखुशीचे तर कधी धाकाचे असेल, परंतु ते सत्तेच्या पायाशी ठेवले जाते याविषयी हे शब्द काही लपवीत नाहीत. तिसऱ्या प्रकारचे शब्द आडवे, बरोबरीच्या माणसांमधून जाणारे आहेत. वर्गणी हा त्यांतला सर्वांत परिचित. वर्गणी देणारा कोणाला उपकृत करीत नाही आणि कोणाची कृपाही मागत नाही. सर्वांच्या कामाचा आपला हिस्सा तो उचलतो.

तमिळमध्येही हा भेद आढळतो. 'कोडै' हे दान दात्याच्या औदार्याचे; प्राचीन तमिळ काव्याने ज्यांची स्तुती केली ते वळ्ळल म्हणजे मुक्तहस्त दाते याच शब्दाचे धनी. 'काणिक्कै' ही देवापुढे किंवा वरिष्ठापुढे ठेवलेली भेट. आजचे पक्ष मात्र दोन्ही शब्द टाळून 'निदि' म्हणजे निधी या तटस्थ शब्दाचा आश्रय घेतात. त्यात कोणी कोणापुढे वाकले याचा मागमूस लागत नाही.

सत्तेवर असलेल्या किंवा उद्या सत्तेवर येऊ शकणाऱ्या पक्षाला एखादा कारखानदार, कंत्राटदार किंवा मक्तेदार मोठी रक्कम देतो, तेव्हा जुन्या मराठीने त्या कृतीला निःसंकोच नजराणा म्हटले असते. आपण तिला देणगी म्हणतो. खालून वर जाणाऱ्या क्रियेला आपण वरून खाली येणाऱ्या क्रियेचे नाव दिले आहे. या एका अदलाबदलीने घेणारी सत्ता दीन ठरते, देणारा उदार ठरतो, आणि दानाच्या भोवती शतकानुशतके साठलेले पुण्य त्या व्यवहाराला आपोआप चिकटते. त्या पुण्यातील सर्वांत सोयीचा अंश म्हणजे गुप्तदानाची थोरवी.

गुप्तदान ही थोर गोष्ट आहे यात संशय नाही. परंतु ती थोर का, हे विसरता कामा नये. दाता बलवान असतो आणि घेणारा दुर्बल. दात्याचे नाव उघड झाले तर घेणाऱ्याची मान खाली जाईल, म्हणून दाता आपले नाव झाकतो. झाकण्याचा लाभ दुर्बलाला मिळतो. जेथे घेणारी खुद्द सत्ता आहे तेथे नाव झाकल्याने कोणाची लाज राखली जाते? तेथे झाकलेले नाव घेणाऱ्याला ठाऊक असतेच. अंधारात राहतो तो तिसरा, म्हणजे प्रजाजन. दान खाली वाहत असेल तर गुप्तता हा सद्गुण आहे. ते वर चढत असेल तर तीच गुप्तता दोष ठरते. या लेखात मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

३

हा विचार आधुनिक लोकशाहीतून उसना आणलेला आहे असे वाटू नये. आपल्या दानविषयक वाङ्मयाने लेखनाला फार मोठे स्थान दिले आहे. दानाची सहा अंगे सांगितली जातात: दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, देय वस्तू, देश आणि काळ. यांतील श्रद्धा वगळता उरलेली पाचही अंगे नोंदता येण्याजोगी आहेत, आणि ताम्रपटांत ती नोंदलेली असतात. राजाने भूमिदान करताना ते वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहून द्यावे. आपले व पूर्वजांचे नाव, दानाचे परिमाण, सीमा, काल आणि स्वहस्ताची खूण त्यात असावी. आणि हे पुढे येणाऱ्या राजांना कळावे म्हणून करावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी'चे दानखंड रचले. मोडी लिपीचे जनकत्वही परंपरा त्याच्याकडेच देते. दानाचा शास्त्रकार आणि हिशेबी लिपीचा प्रवर्तक एकच, ही कल्पना ऐतिहासिकदृष्ट्या शंकास्पद असली तरी अर्थपूर्ण आहे. जे दिले ते लिहिले पाहिजे, हा तिचा इत्यर्थ होय.

कुंभकोणम्‌च्या परिसरात याची मराठी उदाहरणे आहेत. तंजावर येथे १६७६ च्या सुमारास स्थापन झालेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. व्यंकोजीचा पुत्र शहाजी याने १६९३ साली कुंभकोणम्‌पासून थोड्या अंतरावर असलेले तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजिराजपुरम् ठेवले. संस्कृत, तेलुगू, तमिळ व मराठी या भाषांतील साहित्याला तंजावरच्या दरबारात जो बहर आला त्याच्या इतिहासात या अग्रहाराचे स्थान मोठे आहे. गावाला स्वतःचे नाव देण्यात राजाची आत्मप्रौढी आहे हे उघड आहे. पण त्या नावामुळेच प्रत्येक पंडिताचे अन्न कोठून येते हे सर्वांना माहीत होते. त्यांच्या काव्यातील राजस्तुती वाचताना आपण ती त्या माहितीसह वाचतो. आश्रित कवीची स्तुती आश्रयासह वाचता येते, आणि म्हणून ती फसवीत नाही.

दुसरे उदाहरण दुसऱ्या सरफोजीचे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली. त्यानंतर १८०१ साली त्याने रेसिडेंट टोरिन याला छत्रांविषयी पत्र लिहिले. ही छत्रे रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी होती. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि सर्व पंथांच्या लोकांना अन्न मिळे, आजाऱ्यांची शुश्रूषा होई, मुले शिकत. ही व्यवस्था आपल्याकडे राहावी अशी सरफोजीची विनंती होती. पुढे लगेच, १८०२ मध्ये, त्याने ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. सैन्य गेले, महसूल गेला, तरी देण्याचा अधिकार राजाला सोडवत नाही, हा या प्रकरणाचा राजकीय अर्थ. देणे हे सत्तेचे शेवटचे लक्षण होय असे त्याला वाटत होते. या राजवटीचे कारभारी हिशेबांपासून दरबारापर्यंतचा व्यवहार मोडीत लिहून ठेवीत. ती मोडी कागदपत्रे आज सरस्वती महालाच्या संग्रहातून आपल्यासमोर आहेत. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरविलेल्या प्रचंड मराठी शिलालेखात ज्या राजवटीने आपला वंशेतिहास लिहून ठेवला, तिने आपल्या देण्याघेण्याचे कागदही मागे ठेवले.

मी त्या राजवटीचे गुणगान करीत नाही. ज्या शेतकऱ्याच्या धान्यातून ही छत्रे चालली त्याचे नाव कोणत्याही शिळेवर नाही, आणि अग्रहाराचे दानपत्र लिहिताना त्याला कोणी विचारले नव्हते. परंतु दात्याला आणि ग्रहीत्याला लपता येत नव्हते, एवढे तरी त्या पद्धतीत होते.

४

आडव्या दिशेच्या देण्याची परंपराही येथे आणि आपल्याकडे समृद्ध आहे. तमिळ व्यापाऱ्यांत मगमै नावाची पट्टी असे. बाजारात येणाऱ्या मालाच्या दर पोत्यामागे किंवा गाडीमागे व्यापारी स्वतःवरच एक अल्प रक्कम बसवीत आणि तिच्यातून देऊळ, धर्मशाळा, शाळा चालवीत. विरुदुनगरच्या नाडार समाजाने घरोघरच्या मूठभर तांदळातून आपली शाळा चालविली. कामराज त्या शाळेत शिकले. मराठी बाजारपेठांतील व्यापारी हिशेबात धर्मादाय कापून घेत आणि वहीत त्याचे स्वतंत्र खाते ठेवीत. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने 'धर्मादा' या नावाने त्याची दखल घेऊन हिशेब बंधनकारक केला.

यंत्रणा म्हणून पाहिले तर मगमै किंवा धर्मादाय यांचे घटक तीन आहेत: सर्वांना सारखा ठरलेला दर, धंद्यातीलच माणसाकडून वसुली, आणि एकच वही. पक्षनिधीचे आजचे संघटनही याच तीन घटकांवर उभे आहे, हे पुढे दिसेलच. दोहोंतील फरक वहीत आहे. मगमैची वही ज्यांनी दिले त्यांच्यापुढे उघडावी लागे.

सार्वजनिक जीवनातील मराठी उदाहरण पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी माणशी एक पैसा मागण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला बळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. पुढे १९२१ च्या मार्चअखेर बेझवाडा येथे काँग्रेस महासमितीने टिळकांच्या स्मरणार्थ स्वराज्य फंडात एक कोटी रुपये ३० जूनपर्यंत जमविण्याचा संकल्प सोडला आणि तो पुरा झाला. त्या फंडात गिरणीमालकांच्या मोठ्या रकमाही होत्या, म्हणून तो केवळ गरिबाच्या पैशाचा होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्या वेळी पक्षाकडे देण्यासारखे परवाने नव्हते. देणाऱ्याला मिळण्यासारखे काही असेल तर ते बहुधा सरकारचा रोष हेच होते.

तमिळनाडूतील एक प्रसंग येथे आठवतो. १९६७ च्या निवडणुकीसाठी द्रविड मुन्नेत्र कळघमने दहा लाख रुपयांच्या निधीचे उद्दिष्ट ठेवले. कोषाध्यक्ष करुणानिधींनी अकरा लाख जमवून ते अण्णादुराईंच्या स्वाधीन केले. त्यानंतर उमेदवारांची नावे जाहीर करताना सैदापेटचा उमेदवार म्हणून अण्णांनी माणसाचे नाव न घेता 'अकरा लाख रुपये' असे सांगितले. हा गौरव होता आणि लोकांनी तो गौरव म्हणूनच घेतला. आज तो आठवताना मन थोडे साशंक होते. वर्गणी गोळा करणाऱ्याचे नाव एकदा रकमेनेच घेऊ लागलो की वर्गणीचे दुसरे काही होण्यास फार वेळ लागत नाही.

आपल्या क्षेत्रातील गोष्ट सांगावयाची तर उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांची सांगता येईल. १८८० पासून ते कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयात तमिळ शिकवीत होते. येथेच मुन्सफ रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना 'जीवकचिंतामणी'कडे वळविले, आणि १८८७ साली तो ग्रंथ छापून झाला. संगमकालीन वाङ्मयाच्या पुनरुज्जीवनाचा हा आरंभ होता आणि तो पैशाच्या सततच्या ओढाताणीत झाला. मठ, जमीनदार, वकील, शिक्षक असे अनेक हात त्या कामाला लागले. हस्तलिखिते कोणी दिली हे नावनिशीवार प्रस्तावनेत सांगण्याची अय्यरांची रीत होती. त्या याद्या म्हणजे पाठचिकित्सेचे साधन तर खरेच, पण मला त्या ऋणपत्रांसारख्याही वाटतात. ग्रंथ कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे वाचकाला कळले पाहिजे, असे त्यांत गृहीत आहे.

५

आता नजराण्याकडे वळू. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना पैसा देता यावा म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला, आणि ते प्रकरण १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याच्या चौकटीत बदलाला संमती दिली. मात्र मोठ्या उद्योगांचा पैसा लोकशाहीचा गळा आवळू शकेल असा इशारा देऊन संसदेने त्याचा विचार करावा असे सुचविले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली. १९८५ मध्ये ती उठली. बंदीच्या त्या काळात पैसा थांबला नाही, त्याने वाटा बदलल्या. यांतील एक वाट थेट साहित्याच्या अंगणातून गेली.

१९८० च्या जूनमध्ये बॅ. अ. र. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान स्थापन झाले. साहित्यिक व कलावंत यांना साहाय्य करणे हे त्याचे घोषित प्रयोजन होते. सहकारी साखर कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या दर टनामागे ठरावीक रक्कम अंतुल्यांशी संबंधित न्यासांसाठी येऊ लागली. बांधकाम व्यावसायिकांकडून रकमा आल्या. सिमेंट त्या वेळी नियंत्रित वस्तू होती आणि तिचा कोटा राज्य शासनाच्या हाती होता. १९८१ च्या ऑगस्टअखेर 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण उघड केले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि न्यासाला मिळालेल्या रकमा यांचा परस्परसंबंध होता असा निष्कर्ष काढला, आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. नंतरचा फौजदारी खटला अनेक वळणांनी गेला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो उच्च न्यायालयाकडे सोपविण्याचा आधीचा आदेश रद्द केला, आणि अंतुले यांना त्यात शिक्षा झाली नाही. न्यायाच्या दृष्टीने हे नमूद करणे अवश्य आहे.

मला येथे एका व्यक्तीचा न्याय करावयाचा नाही. पाहावयाची आहे ती यंत्रणा. ऊस उत्पादकाच्या बिलातून दर टनामागे होणारी कपात म्हणजे मगमैचाच दर. कारखाना किंवा बांधकाम व्यावसायिकांचे वर्तुळ म्हणजे धंद्यातीलच वसुलीदार. आणि न्यास म्हणजे एकच वही. मगमैत ज्या गोष्टी होत्या त्या सर्व येथे आहेत. भर पडली ती फक्त एका टेबलाची, जेथून सिमेंटचा परवाना बाहेर येतो. राज्याची पातळी या व्यवहाराला विशेष अनुकूल का, याचे उत्तरही येथेच आहे. जमीन, खाण, वाळू, मद्य, लॉटरी, पाटबंधारे, रस्ते, ऊस या सर्वांचे दोर आपल्या संघराज्यात बव्हंशी राज्य शासनाच्या हाती असतात. दोर जेथे, तेथे देणगी.

मराठी साहित्यिकांना या प्रकरणाने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आपण पुरतेपणी दिले असे मला वाटत नाही. त्याच सुमारास विनय हर्डीकर यांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या आणीबाणीवरील पुस्तकाला जाहीर झालेला शासकीय पुरस्कार परत घेण्यात आला. १९८१ मध्ये मुंबईत मालतीबाई बेडेकरांच्या अध्यक्षतेखाली समांतर साहित्य संमेलन भरले, आणि साहित्यसंस्थांनी शासनाच्या पैशावर किती विसंबावे याची चर्चा झाली. ती चर्चा मोलाची होती. पण ती मुख्यतः शासनाकडून साहित्याकडे येणाऱ्या पैशाची, म्हणजे वरून खाली येणाऱ्या दानाची होती. साहित्याच्या नावाने खालून वर जाणाऱ्या नजराण्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. एक हात लेखकाचा पुरस्कार काढून घेत होता आणि दुसरा लेखकाच्याच कल्याणाच्या नावाने पैसा गोळा करीत होता. पहिल्या हाताने आपला अपमान झाला, म्हणून तो आपल्याला दिसला. दुसऱ्या हाताने आपले नाव वापरले, ते तितकेसे जाणवले नाही.

६

२०१७ च्या वित्त अधिनियमाने कंपनीच्या राजकीय देणगीवरील नफ्याच्या प्रमाणातील मर्यादा काढून टाकली, आणि २ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोख्यांची योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेतून एक हजार ते एक कोटी रुपयांचे रोखे घ्यावेत आणि पक्षाला द्यावेत. नाव बँकेला ठाऊक, जनतेला नाही. योजनेच्या समर्थकांनी दात्याच्या सुरक्षिततेचा युक्तिवाद केला. आपल्या विवेचनाच्या भाषेत सांगावयाचे तर गुप्तदानाचे पुण्य नजराण्याच्या खात्यावर जमा करण्यात आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. मतदाराचा जाणण्याचा अधिकार हा निर्णयाचा गाभा होता. तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते.

त्यानंतर मार्चमध्ये निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केलेले कागद मी एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचले, आणि आपणही वाचावेत अशी शिफारस करतो. बिहारच्या संयुक्त जनता दलाने कळविले होते की, २०१९ च्या एप्रिलमध्ये पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी येऊन एक बंद पाकीट देऊन गेले, आणि उघडून पाहता त्यात एक एक कोटीचे दहा रोखे निघाले. दाता अज्ञात, हेतू अज्ञात, मुद्रा अज्ञात. याज्ञवल्क्याने सांगितलेल्या दानपत्राचे प्रत्येक अंग येथे अभावरूपाने हजर आहे. याउलट तमिळनाडूत त्या वेळी सत्तेवर असलेल्या द्र. मु. क.ने आपल्या दात्यांची नावे आयोगाला कळविली होती. रोखे घेणाऱ्यांत देशात सर्वांत पुढे असलेल्या लॉटरी कंपनीकडून त्या पक्षाला ५०९ कोटी मिळाले होते, हे त्यामुळे कळले. या उघडेपणाने तो नजराणा वर्गणी होत नाही. पण निदान त्याला त्याच्या नावाने हाक मारता येते, आणि राज्याच्या नागरिकाला पुढचा प्रश्न विचारता येतो.

रोखे गेले तरी संघटन उरले आहे. २०१३ पासून निर्वाचन न्यासांची योजना अस्तित्वात आहे. अनेक कंपन्या एका न्यासात पैसा घालतात आणि न्यास वर्षाच्या आत त्यातील किमान ९५ टक्के पक्षांना वाटतो. देणाऱ्यांची यादी मिळते, घेणाऱ्यांचीही मिळते. मात्र कोणाचा पैसा कोणाला गेला, हे दोन याद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत विरून जाते. व्याकरणाच्या भाषेत, कर्ता आहे आणि संप्रदानही आहे; दोघांना जोडणारे क्रियापद तेवढे गाळले आहे.

७

शेवटी स्वतःविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर वरील सर्व उपदेश ठरेल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका साहित्यमेळाव्याच्या स्मरणिकेचे काम माझ्याकडे होते. स्वागताध्यक्ष, रिवाजाप्रमाणे, एक मंत्री होते. एक बरीच मोठी रक्कम आली आणि दात्याने नाव छापू नये अशी इच्छा कळविली. आम्ही सर्वजण भारावलो. स्मरणिकेत मी स्वतःच्या हाताने 'एक साहित्यप्रेमी' असे लिहिले आणि त्या शब्दांवर मनातून खूश झालो. काही महिन्यांनी कळले की, दाता ठेकेदार होता आणि त्याची देयके स्वागताध्यक्षांच्याच खात्यात अडकलेली होती. पैसा मंत्र्यांच्या सांगण्यावरून आला होता. आम्हांला मिळाले ते दान नव्हते. तो दुसऱ्याच्या नजराण्याचा मुक्काम होता, आणि आमची स्मरणिका त्या मुक्कामाची धर्मशाळा. आजही ती प्रत कपाटात आहे. 'एक साहित्यप्रेमी' या शब्दांइतके असत्य वाक्य मी दुसरे लिहिलेले नाही, आणि त्या वेळी मला ते सौजन्य वाटले होते.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या संस्थांनी, संमेलनांनी, परिसंवादांनी आणि नियतकालिकांनी घेतलेला प्रत्येक पैसा दात्याच्या नावासह छापावा. ज्याला नाव नको त्याचा पैसा नको. यातून काही कार्यक्रम लहान होतील, काही होणारही नाहीत. ते नुकसान सोसण्याजोगे आहे. दुसरी, मोडी कागदांतील छत्रांचे हिशेब जसे आपण सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचतो तसेच आजच्या पक्षांचे देणगीअहवाल, न्यासांच्या याद्या आणि न्यायालयीन निकालपत्रे वाचण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकांनी लावून घ्यावी. त्यांत भाषा काय लपविते हे आपल्याइतके नीट कोण पाहू शकेल? तिसरी गोष्ट शब्दाची. पक्षाला मिळालेल्या पैशाला, तो शंभर सामान्य सभासदांनी दिला असेल तर वर्गणी म्हणावे, आणि परवाना मागणाऱ्या एकाने दिला असेल तर नजराणा म्हणावे. देणगी हा शब्द, ज्यांना खरोखरच काही नको आहे अशा दात्यांसाठी राखून ठेवावा. कायदा बदलणे आपल्या हाती नाही. परंतु कोशातील आणि बोलण्यातील शब्द बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत.

महामहम् तलावाच्या मंडपातून बाहेर पडताना त्या तराजूकडे पुन्हा पाहिले. दगडातील राजा शतकानुशतके पारड्यात बसला आहे. त्याच्या सोन्याचा हिशेब आज मागता येणार नाही. पण तो उघड्यावर बसला आहे, आणि समोर कोण उभे आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते.